गृहसंगणक, जुने : दोषनिदान व दुरुस्ती

साधारणपणे १९७७ पासून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत घरगुती वापरासाठी विकल्या गेलेल्या छोट्या संगणकांतील बिघाड शोधण्याची आणि ती यंत्रे शक्यतो मूळ घटकांसह चालती करण्याची पद्धत. कालखंडाचा आरंभ ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन यंत्रे ज्या वर्षी बाजारात आली, त्या १९७७ पासून धरण्याचा प्रघात आहे. शेवट कोठे मानावा याविषयी मात्र मतभेद असून काही जण १९९२ च्या अमिगा १२०० पर्यंतची यंत्रे त्यात घेतात. येथे हीच व्यापक मर्यादा स्वीकारली आहे, कारण कपॅसिटरच्या (विद्युतभार साठवणाऱ्या घटकाच्या) गळतीचा सर्वांत वादग्रस्त प्रश्न या शेवटच्या यंत्रांशीच निगडित आहे.

यांपैकी बहुतेक संगणकांत झेड-८० किंवा ६५०२ कुळातील प्रक्रियक, रॅम (तात्पुरती स्मृती) आणि रॉम (कायमस्वरूपी स्मृती) हे भाग सुट्या चिपांच्या रूपात असतात आणि त्यांच्या पायांवर मापकाचे टोक सहज टेकवता येते; त्यामुळे संपूर्ण बोर्ड न बदलता एकेका घटकापर्यंत पोहोचून दुरुस्ती करता येते. याउलट, सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रममधील यूएलए (अनेक कामे एकत्र करणारी चिप) किंवा कमोडोर ६४ मधील व्हिक-टू (चित्रासाठी) आणि सिड (ध्वनीसाठी) या चिपा त्या त्या उत्पादकाने खास घडवलेल्या असून त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. चुकीच्या निदानापायी अशी एखादी चांगली चिप काढताना निकामी झाली, तर ती हानी सहजी भरून येत नाही. म्हणून आधी मोजमाप आणि मगच सोल्डरिंग, हा क्रम या कामात अत्यंत काटेकोरपणे पाळला पाहिजे.

वीजपुरवठा : निदानाची सुरुवात नेहमी येथून होते. तर्कचिपांना लागणारा ५ व्होल्ट दाब ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान असावा लागतो. कमोडोर ६४ चा मूळ पुरवठासंच ५ व्होल्ट एकदिश आणि ९ व्होल्ट प्रत्यावर्ती असे दोन दाब देतो. त्यातील ५ व्होल्टचा रेग्युलेटर निकामी होताना पुष्कळदा दाब खाली न जाता वर चढतो आणि रॅमच्या चिपा जळतात. असा संच यंत्राला जोडण्यापूर्वी भारासह स्वतंत्रपणे तपासावा. केवळ संगणक सुरू होतो एवढ्यावरून पुरवठा निर्दोष ठरवणे धोक्याचे आहे. चित्रनळी असलेल्या पडद्यात यंत्र बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो, त्यामुळे ते काम जाणकारांवरच सोपवावे.

१९८२ च्या स्पेक्ट्रममधील पुरवठा अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याच्या पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीसाठी वापरलेल्या ४११६ या आठ चिपांना +५, +१२ आणि −५ असे तीन दाब लागतात. त्यांपैकी +१२ आणि −५ हे दाब टीआर-४ हा ट्रान्झिस्टर आणि एक वेटोळे यांच्या साहाय्याने बोर्डावरच निर्माण केले जातात. −५ व्होल्ट नाहीसे झाले तर ४११६ चिपा नष्ट होतात, आणि एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली तर टीआर-४ जळतो. कारण आणि परिणाम असे एकमेकांत अडकलेले असल्यामुळे केवळ ट्रान्झिस्टर बदलून यंत्र सुरू केल्यास तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. तिन्ही दाबांच्या वाहिन्या आणि जमीन यांमधील रोध वीज बंद असतानाच मोजून घेणे हाच खात्रीचा उपाय होय.

स्मृती : रॅममधील दोष यंत्राच्या वागणुकीवरून बराच ओळखता येतो. स्पेक्ट्रमचा रॉम सुरुवातीला स्मृतीची चाचणी घेतो आणि पहिला दोष आढळेल तेथे उपलब्ध स्मृतीची सीमा आखतो. त्यामुळे वरच्या ३२ किलोबाइटमध्ये बिघाड असलेले ४८ किलोबाइटचे यंत्रही सुरू होताना स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) ओळ व्यवस्थित दाखवते आणि १६ किलोबाइटचे असल्यासारखे चालते. २३७३२ आणि २३७३३ या पत्त्यांवरील मूल्यांतून ३२७६७ ही संख्या मिळाली तर असा दोष संभवतो. निर्दोष यंत्रात ती ६५५३५ असते. या वरच्या स्मृतीतील ४५३२ जातीच्या चिपा म्हणजे मुळात एक अर्धा भाग सदोष निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिपा होत. कोणता अर्धा भाग चांगला आहे हे बोर्डावरील जोडतारेने ठरवलेले असते, म्हणून बदली चिप घेताना तिचा प्रकार जुळवावा किंवा पूर्ण ४१६४ वापरावी. कमोडोर ६४ साठीचे ‘डेड टेस्ट’ कार्ट्रिज यंत्राच्या स्वतःच्या रॉमवर अवलंबून नसते. रॅममध्ये दोष आढळल्यास ते पडदा ठरावीक वेळा उघडमीट करून आठांपैकी कोणत्या चिपेवर संशय घ्यावा हे सुचवते. संशयित चिपेवर तशीच चांगली चिप स्वार करून पाहण्याची युक्ती लोकप्रिय आहे, परंतु मूळ चिप आतून शॉर्ट असेल तर या युक्तीचा उपयोग होत नाही.

प्रक्रियक चालतो की नाही हे ठरवण्यासाठी घड्याळ आणि रीसेट हे संकेत प्रथम पाहतात. झेड-८० मध्ये ते अनुक्रमे ६ आणि २६ क्रमांकाच्या पायांवर मिळतात. पुढची पायरी म्हणजे डेटावाहिन्या बोर्डापासून तोडून प्रक्रियकाला सतत ‘काही करू नको’ ही आज्ञा वाचायला लावणे. झेड-८० साठी तिचे मूल्य शून्य आहे. मग प्रक्रियक सर्व ६५,५३६ पत्ते क्रमाने चालत जातो. ३.५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ही फेरी सुमारे ७५ मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि प्रत्येक पत्तावाहिनीवर आधीच्या वाहिनीच्या निम्मी वारंवारता अपेक्षित असते. झेड-८० स्मृती ताजी ठेवण्याचे पत्ते मध्येच पाठवत असल्याने तरंग स्वच्छ चौकोनी दिसत नाहीत. नवख्या व्यक्ती यालाच दोष समजण्याची शक्यता असते.

कपॅसिटर : सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरसकट बदलावेत काय, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. बदलावेत असे म्हणणारा पक्ष त्यांच्या मर्यादित आयुष्याकडे बोट दाखवतो. दुसऱ्या पक्षाच्या मते १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातील, पाय बोर्डातून आरपार जाणारे कपॅसिटर धारकता आणि समतुल्य मालिका रोध मोजले असता पुष्कळदा योग्य मर्यादेत आढळतात, आणि ते विनाकारण काढताना तांब्याच्या पट्ट्या उखडतात. उपलब्ध अनुभव पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमिगा ६०० आणि १२०० यांसारख्या यंत्रांतील पृष्ठभागावर बसवलेले कपॅसिटर मात्र याला अपवाद आहेत. ते गळतात, त्यांतील द्रव तांबे कुरतडतो आणि सोल्डर तापवताना माशासारखा वास येतो. या गळतीचा संबंध कधीकधी कपॅसिटरच्या द्रवाच्या चोरलेल्या सूत्राच्या प्रसिद्ध कथेशी जोडला जातो. पण ती कथा १९९९ नंतरच्या काही वर्षांतील पाणीयुक्त द्रवाच्या कपॅसिटरांविषयी आहे, त्यामुळे कालक्रम जुळत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरात आलेले चतुर्थक अमोनियम क्षारांचे द्रव आणि त्यांपुढे न टिकलेले रबरी बूच, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक दिसते. बीबीसी मायक्रो आणि ॲपल टू यांच्या पुरवठ्यात आढळणाऱ्या रिफा बनावटीच्या कागदी कपॅसिटरांविषयी मात्र वाद नाही : त्यांचे पारदर्शक आवरण तडकते, ओलावा आत शिरतो आणि वीज जोडल्यावर दाट धूर निघतो. ते यंत्र सुरू करण्यापूर्वीच बदलावेत. अमिगा ५०० प्लसमधील निकेल-कॅडमियम बॅटरीतून झिरपणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड अल्कधर्मी असल्याने ते सौम्य व्हिनेगरने उदासीन करून बोर्ड ऊर्ध्वपातित पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात.

सॉकेटमधील पायांवर चढलेला गंज हे अधूनमधून उद्भवणाऱ्या दोषांचे सामान्य कारण असून चिप काढून पुन्हा बसवल्याने तो बहुधा दूर होतो. स्पेक्ट्रमच्या कळफलकातील पातळ पडदा ठिसूळ होऊन तुटतो आणि तो बदलावाच लागतो. सोल्डर केलेली चिप सदोष असल्याचे नक्की झाल्यावर तिचे पाय अंगालगत कापून एकेक पाय स्वतंत्रपणे काढावा आणि त्या जागी सॉकेट बसवावे. निकामी रॉमऐवजी ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारा रॉम) वापरता येतो. मात्र कमोडोर ६४ मधील २४ पायांच्या २३६४ रॉमच्या जागी २८ पायांचा २७६४ बसवण्यासाठी मधे जुळणीपट्टी लागते.