दमट हवेत तुमचा माल टिकेल का? नमुना देण्यापूर्वी हे वाचा

सोलापूरची हवा पावसाळा सोडला तर कोरडीच. इथल्या गोदामात वर्षभर चांगला राहिलेला माल जुलैच्या मुंबईत किंवा जहाजावरच्या कंटेनरमध्ये कसा राहील, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत नमुना देताना माल कुठे जाणार, कशातून आणि किती दिवस, हे सोबत लिहून द्या. चाचणीचं तापमान आणि आर्द्रता त्यावरून ठरते.

टॉवेल-चादर: सूत हवेतलं पाणी ओढतं. व्यापारात १०० किलो पूर्ण सुक्या सुताला ८.५ किलो ओलावा धरतात. त्याहून ओला माल पॉलिथिनमध्ये बांधला, की दिवसा कंटेनर तापल्यावर ते पाणी वाफ होऊन निघतं, रात्री थंड पत्र्याला धरतं आणि खाली टपकतं. मग बुरशीचे डाग दिसतात आणि खापर डाईंगवाल्यावर फुटतं. आम्ही नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून ओलावा काढतो. नमुना पॅकिंगच्या टेबलावरूनच उचला आणि तिथेच दोन पिशव्यांत हवाबंद करा. उन्हातून गाडीवर उघडा आणलेला टॉवेल तपासून काही उपयोग नाही.

शेंगा चटणी, कडक भाकरी: पाऊचमध्ये ओलावा शोषून घेणारं सुकं कॅल्शियम क्लोराइड भरून, सील करून ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत ठेवतो आणि रोज वजन घेतो. वाढलेलं वजन म्हणजे आत शिरलेलं पाणी. सोबत तसाच एक रिकामा पाऊच ठेवून त्याच्या वजनातला फरक वजा करतो. पाऊच तुमच्याच मशीनवर सील केलेले हवेत, कारण फिल्म चांगली असूनही गळती बहुधा सीलमधूनच होते. चटणीचं तेल तोंडाला लागलं की सील नीट धरत नाही. त्यामुळे काही पाऊच प्रत्यक्ष चटणी भरलेलेही द्या.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात मिठाचं इतकं दाट पाणी करा की तळाशी न विरघळलेलं मीठ उरेल. वर जाळीवर भाकरी ठेवा, पाण्याला लागू देऊ नका. डब्यातली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर राहते. भाकरीचा कडकपणा किती तासांत जातो ते पाहा. पाऊच निवडायला एवढं पुष्कळदा पुरतं, आमची फी वाचते.

पुठ्ठ्याचे खोके: ९० टक्के आर्द्रतेत खोक्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. कोरड्या हवेतल्या आकड्यावर थप्पी रचू नका, तळचा खोका बसतो.

यंत्रमागाचे कंट्रोल पॅनेल वगैरे: ४० अंश आणि ९३ टक्के आर्द्रतेत तपासतो. पॅनेल आधी कोरड्या हवेत ४० अंशांपर्यंत तापवून घेतो. थंड पॅनेल थेट चेंबरमध्ये, म्हणजे ठरलेलं तापमान आणि आर्द्रता राखणाऱ्या बंद कपाटात, ठेवलं तर त्यावर पाणी सुटतं आणि ती वेगळीच चाचणी होते. चेंबरला बोअरचं पाणी आम्ही वापरत नाही, त्यातले क्षार सेन्सरवर आणि नमुन्यावर बसतात. दुसरीकडून अहवाल घेत असाल तर पाणी कोणतं वापरलं, हे जरूर विचारा.

प्रत्येक प्रकाराचे किमान पाच नमुने आणा. त्यांतला एक चाचणीत न घालता तुलनेसाठी कोरड्यात ठेवतो.