उबुंटूचं एलटीएस वेगळं, कर्नलचं वेगळं

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत किंवा उद्यमनगरात कारखान्याच्या पीसीवर लिनक्स टाकून देणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो: "उबुंटू २४.०४ एलटीएस टाकलंय ना, मग त्यातला ६.८ कर्नल कालबाह्य कसा?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, उबुंटू म्हणजे त्याभोवती बांधलेली पूर्ण प्रणाली, आणि एलटीएस म्हणजे 'लाँग टर्म सपोर्ट', दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती. अशी एलटीएसच दोन आहेत आणि ती ठरवणारी माणसंही वेगळी.

कर्नलचं एलटीएस त्याच्या स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन ठरवतात. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो आणि मागच्याची डागडुजी थोड्याच दिवसांत थांबते. वर्षातला शेवटचा कर्नल मात्र सहसा 'लाँगटर्म', म्हणजे कर्नलचा एलटीएस, होतो: ६.१, ६.६, ६.१२. आधीपासून जाहीर करायचं ते टाळतात, कारण निवड कळली की कंपन्या आपला अर्धवट कोड त्याच आवृत्तीत कोंबतात, एसटीच्या खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरावी तशा. मुदत किमान दोन वर्षं. कुणी चाचणीचा भार उचलला तर ती वाढते, नुसत्या मागणीनं नाही. मला हे रास्त वाटतं.

उबुंटूचं एलटीएस कॅलेंडरवर चालतं: दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये. त्या वेळी हाताशी असेल तो कर्नल उबुंटू बनवणारी कंपनी कॅनॉनिकल घेते. २२.०४ ला ५.१५ मिळाला, तो लाँगटर्म होता. २४.०४ ला मिळालेला ६.८ मार्च २०२४ मध्ये आला आणि मूळ प्रकल्पानं मे २०२४ मध्येच सोडून दिला. तेव्हापासून सुरक्षेच्या दुरुस्त्या कॅनॉनिकलची स्वतःची टीम करते, २०२९ पर्यंत. म्हणून आपल्या मशीनवर ६.८.० च्या डॅशपुढचा आकडा वाढत राहतो. तो आकडा कर्नलच्या मूळ यादीत शोधण्यात अर्थ नाही, तिथे तो नसतोच.

डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत हा घोळ कमी: १२ मध्ये ६.१, १३ मध्ये ६.१२, दोन्ही लाँगटर्म.

एक गोष्ट मात्र फाउंड्रीवाल्यांनी बघावी. उबुंटू डेस्कटॉप टाकलं की साधारण दर सहा महिन्यांनी कर्नलची आवृत्तीच बदलते. सर्व्हरमध्ये आपण सांगितल्याशिवाय बदलत नाही. मशीनच्या कार्डाचा ड्रायव्हर हातानं कंपाइल केलेला असेल, तर कर्नलची आवृत्ती बदलली की तो बंद पडू शकतो, म्हणून सर्व्हरच टाका.