काडतूस-भरणी आणि पिस्तूल-जुळणी

वेगाच्या नेमबाजी स्पर्धेसाठी वापरलेल्या पुंगळ्यांत नवी टोपी (ठोका बसताच दारू पेटवणारी), दारू व गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करणे, आणि त्या काडतुसाला साजेसे पिस्तूल बसवून घेणे, अशी ही दोन जोडकामे आहेत. पहिल्याला नेमबाज सर्रास ‘रिलोडिंग’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ट्यूनिंग’. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की यातून जास्त जोरदार काडतूस आणि जास्त हलका चाप मिळवायचा असतो. प्रत्यक्षात नेमबाज शोधत असतो तो एकसारखेपणा: पहिली गोळी जशी सुटली तशीच शंभरावी सुटावी, आणि प्रत्येक झटक्यानंतर माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) त्याच जागी परत यावी. नाशिकमध्ये पिस्तूल हाती घेणाऱ्या मुलामुलींना हाच एकसारखेपणा वेगळ्या वाटेने मिळवावा लागतो, कारण भारतात काडतूस घरी भरता येत नाही.

पार्श्वभूमी

प्रात्यक्षिक नेमबाजी, म्हणजे ठरलेल्या मार्गाने हालचाल करत, आडोशामागून, वेळेशी झुंजत पिस्तूल चालवण्याचा खेळ, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढला. १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. संघटनेच्या ब्रीदात अचूकता, ताकद आणि वेग अशी तीन तत्त्वे आहेत आणि गुणपद्धती तिन्हींना एकत्र बांधते. लक्ष्याच्या मधल्या भागाला ५ गुण, त्याबाहेरच्या पट्ट्यांना त्याहून कमी, चुकलेल्या गोळीला वजा १०. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की ‘हिट फॅक्टर’ येतो. म्हणून संथपणे अचूक मारणारा मागे पडतो, आणि घाईत चुकणाराही.

ताकद मोजायची पद्धत सोपी आहे. गोळीचे ग्रेनमधील वजन (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) गुणिले तिचा फूट प्रतिसेकंद वेग, भागिले १,०००: हा ‘पॉवर फॅक्टर’. ‘मायनर’, म्हणजे कमी ताकदीचे काडतूस, ठरायला किमान १२५ लागतो. स्पर्धेत पिस्तुलांचे विभाग असतात; ‘मेजर’साठी स्टँडर्ड विभागात १७० आणि ओपन विभागात १६०. मेजर काडतूस झटका जास्त देते, पण लक्ष्याच्या बाहेरच्या पट्ट्यांत मायनरपेक्षा एक गुण अधिक देते.

भरणीचा सगळा खेळ याच आकड्याभोवती चालतो. १२४ ग्रेनची गोळी १,०५० फूट वेगाने गेली तर पॉवर फॅक्टर १३०.२ येतो. १४७ ग्रेनच्या गोळीला तेवढ्यासाठी ८८६ फूट वेग पुरतो. कागदावर दोन्ही सारखीच, हातात मात्र नाहीत. जड गोळीला दारू कमी लागते, नळीतून मागोमाग सुटणारा वायू कमी असतो, म्हणून झटका मऊ लागतो. ओपन विभागात हिशेब उलटा होतो. तिथे नळीच्या टोकाला कॉम्पेन्सेटर असतो. तो वायू वर फेकून नळी खाली दाबतो, आणि त्याला भरपूर वायू हवा असतो. त्यामुळे हलकी गोळी आणि सावकाश जळणारी, जास्त दारू असा मेळ तिथे बसवला जातो. एकाच नियमातून दोन विरुद्ध काडतुसे जन्मतात, आणि या खेळातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

काडतूस कसे भरतात

काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, बुडाची टोपी, धूरविरहित दारू आणि गोळी. जिथे कायदा परवानगी देतो तिथे नेमबाज मैदानातून पुंगळ्या वेचून आणतात आणि मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाच्या किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भुशात फिरवून चकचकीत करतात. पुढचे काम हाताच्या दांड्याने चालणाऱ्या प्रेसवर होते. गोळी सुटताना फुगलेली पुंगळी साच्यातून दाबून मूळ मापाला आणतात, जुनी टोपी पाडतात, नवी बसवतात, दारूचे मोजमाप सोडतात, गोळी ठरलेल्या खोलीवर बसवतात आणि तोंड किंचित आवळतात. बहुस्थानकी प्रेसमध्ये दांड्याच्या एका हेलकाव्यात प्रत्येक स्थानकावरचे काम एकदम होते आणि दर हेलकाव्याला एक तयार काडतूस बाहेर पडते.

तोंड आवळण्याचे काम नवख्याला किरकोळ वाटते, पण तिथेच माप चुकते. ९ मिमीच्या पिस्तूल काडतुसाला बाहेर आलेली कड नसते. पुंगळीचे तोंडच चेंबरमधल्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीतल्या) पायरीवर टेकते आणि काडतूस आत किती जायचे ते ठरवते. तोंड रिव्हॉल्वरच्या काडतुसासारखे आत वळवले तर टेकायला जागाच उरत नाही. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी फाकवलेले तोंड फक्त सरळ करायचे असते. तयार काडतूस पोलादी गेजमध्ये (मापाच्या साच्यात) टाकून पाहतात. ते आपल्या वजनाने ‘टक्’ करून बसले आणि उलटे करताच आपोआप खाली पडले तर ठीक. बोटाने दाबावे लागले तर बाजूला काढायचे, त्यावर चर्चा नाही.

सर्वांत मोठा धोका दारूचा. पिस्तुलाची झटपट जळणारी दारू पुंगळीचा बराचसा भाग रिकामाच ठेवते, त्यामुळे चुकून दुहेरी माप पडले तरी ती सांडत नाही आणि डोळ्याला कळत नाही. दुहेरी मापाचे काडतूस पिस्तूल फोडू शकते. उलट दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत जेमतेम शिरून अडकते. आवाज फुसका येतो, नेमबाज सवयीने पुढचा चाप ओढतो आणि मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते. म्हणून असा आवाज ऐकताच रेंज अधिकारी ‘स्टॉप’ म्हणतो. भरणाऱ्याच्या टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा, प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहावे, फोन दूर ठेवावा, हे नियम याच दोन प्रसंगांतून आले आहेत.

टोपीतल्या मिश्रणात शिसे असते, गोळीतही असते. भुसा चाळताना उडणारी धूळ श्वासातून आत जाते. रेंजवर खाणे टाळणे आणि निघताना हात धुणे ही शिस्त लहान मुलांच्या बाबतीत तर कटाक्षाने पाळायला हवी, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्याकडे दुर्लक्ष होते.

स्पर्धेत काडतुसाची परीक्षा कागदावर होत नाही. अधिकारी नेमबाजाच्या काडतुसांतून नमुने उचलतात, एक फोडून गोळी तराजूवर ठेवतात, बाकीच्यांपैकी काही वेगमापकावरून झाडतात. १७० न भरणाऱ्याचे स्टँडर्ड विभागातले गुण मायनरने मोजले जातात. १२५ ही न भरणाऱ्याला गुणच नाहीत. काही दारू उन्हात जोमाने जळते, काही थंडीत, म्हणून जाणते नेमबाज सीमेवर न थांबता थोडा वाव ठेवून भरतात. नाशिकच्या माणसाला हे सांगावे लागत नाही: एप्रिलच्या दुपारी चाळिशीला टेकणारा पारा आणि जानेवारीत निफाडची बोचरी पहाट एकाच जिल्ह्यात अनुभवायला मिळते.

पिस्तुलाची जुळणी

काडतूस ठरले की पिस्तूल त्याच्याकडे वळवतात. पहिला विषय स्प्रिंग. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाऊन पुढे येते ती रिकॉइल स्प्रिंगच्या जोरावर. स्प्रिंग फार कडक असेल तर स्लाइड आदळून पुढे येते आणि नळीचे नाक खाली जाते: माशी लक्ष्याच्या खाली डुबकी मारून परत वर येते. फार मऊ असेल तर स्लाइड मागच्या बाजूला ठोकते. नेमबाज मातीच्या बंधाऱ्यावर, लक्ष्य न लावता, फक्त माशीकडे पाहत गोळ्या झाडतो. ती वर उठून मागच्या खाचेत जिथून निघाली तिथेच उतरली तर स्प्रिंग आणि दारू यांचा मेळ बसला.

दुसरा विषय चाप. त्याला लागणारा जोर कमी असणे हे अर्धेच काम. त्याहून मोलाचे म्हणजे तो दर वेळी त्याच बिंदूला, खरखर न करता तुटावा, म्हणजे सुटून गोळी निघावी, आणि तुटल्यावर बोट फार पुढे घसरू नये. विभागांचे नियम इथे बांध घालतात. प्रॉडक्शन विभागात मूळ कारखानी पिस्तुलात बदल करायला फारसा वाव नसतो आणि चापाला किमान जोराची अट आहे. स्टँडर्डमध्ये पिस्तूल मॅगझिनसह २२५ × १५० × ४५ मिमीच्या पेटीत मावले पाहिजे. ओपनमध्ये लाल ठिपक्याची दुर्बीण आणि कॉम्पेन्सेटर दोन्ही चालतात. चापाचे भाग घासून हलके करणे हे अनुभवी गनस्मिथचेच काम. जरा जास्त घासले तर पिस्तूल हातातून पडताच किंवा स्लाइड बंद होतानाच सुटू शकते.

कायदा आणि नाशिक

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त तयार काडतूस नाही. त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही त्यातच येतात. शस्त्र किंवा दारूगोळा बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे, तपासणे यासाठी वेगळा परवाना लागतो. नेमबाजाकडे पिस्तुलाचा परवाना आहे म्हणून त्याला प्रेस आणून काडतुसे भरता येत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मायक्रॉनमध्ये काम करणारे टर्नर आणि टूलरूमवाले आहेत, गेज आणि स्प्रिंग ही त्यांची रोजची भाकरी आहे. तरीही पिस्तुलाच्या चापाला त्यांनी हात लावणे गुन्हा ठरू शकते. मित्र आहे, हुशार आहे, म्हणून त्याच्याकडे पिस्तूल सोपवू नये.

दुसरी अडचण बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची. आयपीएससीच्या पिस्तूल स्पर्धेत किमान ९ × १९ मिमीचे काडतूस लागते, आणि ते भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. सर्वसाधारण परवानाधारकाला मिळते ते .२२ किंवा .३२ इंची, आणि दोन्ही त्या स्पर्धेत चालत नाहीत. साहजिकच नाशिकची नेमबाजी ऑलिंपिक पद्धतीच्या प्रकारांकडे झुकलेली आहे: १० मीटर एअर पिस्तूल, २५ मीटर स्पोर्ट्‌स पिस्तूल, रॅपिड फायर, सेंटर फायर.

शस्त्राची ओळख या गावाला जुनी आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेले भोसला मिलिटरी स्कूल, त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमी आणि फाळणीनंतर काकुलहून देवळालीला आलेले तोफखाना विद्यालय या संस्थांमुळे रेंज, शिस्त आणि शिकवणारी माणसे इथे टिकून राहिली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे शाळकरी वयात नाशिकमध्येच नेमबाजी शिकला. राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी एक वाट ज्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेतून जाते ते ग. वा. मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष होते आणि राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेतही अग्रणी होते.

भरणीऐवजी निवड

.२२ चे काडतूस जगात कुठेच सहसा पुन्हा भरत नाहीत, कारण त्याची पेट घेणारी रसायने बुडाच्या कडेतच पसरलेली असतात. एकदा ती कड चेपली की पुंगळी संपली. तिथे भरणीची जागा लॉट-चाचणीने घेतली आहे. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या डब्यांत लॉट वेगळा असला की काडतूस वेगळे वागते. म्हणून पिस्तूल किंवा नळी पकडीत आवळून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या कागदावर झाडतात, ज्याचा पुंजका सर्वांत आटोपशीर तो लॉट ऐपतीप्रमाणे हंगामापुरता घेऊन ठेवतात. एअर पिस्तुलात हेच छऱ्यांबाबत करतात: ४.४९ आणि ४.५० मिमी डोक्याचे छर्रे एकाच नळीत वेगळे पुंजके देतात. पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी यांना पर्याय नाही. जून ते सप्टेंबर दमट कपाटात पितळ काळवंडते आणि नळीला गंज धरतो.

सेंटर फायरमध्ये .३२ चे वॉडकटर काडतूस लोकप्रिय आहे. त्याची सपाट गोळी पुंगळीच्या तोंडाशी समतल बसते आणि कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे रेषेवरच्या गुणाचा वाद होत नाही. युरोपात हे काडतूस घरी भरणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे कारखानी मालावरच भागवावे लागते, आणि तो वेळेवर मिळणे हीच सरावाची खरी मर्यादा ठरते.

जुळणीला मात्र कायद्याच्या आतही भरपूर जागा आहे. ४.५ मिमी नळीच्या आणि २० जूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या पिस्तुलात चापाची जागा, पहिल्या टप्प्याचा जोर, दुसऱ्याचा जोर आणि तुटल्यानंतरची सरक हे सगळे छोट्या स्क्रूंनी, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे बदलता येते. लाकडी मूठ हा सर्वांत मोठा विषय. अक्रोडाची मूठ कानशीने आणि सँडपेपरने उतरवायची, उणे राहील तिथे लाकडाची पुट्टी चढवायची, पुन्हा हातात धरून डोळे मिटायचे. डोळे उघडल्यावर माशी खाचेच्या मधोमध नसेल तर मूठ अजून बसलेली नाही. मनगट वाकवून ती मधोमध आणणे हा इलाज नव्हे. वाढत्या वयाच्या मुलामुलींची मूठ दर वर्षी पुन्हा बघावी लागते, आणि पालक नवे पिस्तूल घेण्याचा विचार करतात तेव्हा पुष्कळदा फक्त मूठच बदलायची असते.

स्पर्धेपूर्वी साधन-तपासणीच्या टेबलावर या सगळ्याची कसोटी लागते. एअर पिस्तुलाच्या चापाने ५०० ग्रॅमचे वजन पेलले पाहिजे, २५ मीटरच्या पिस्तुलाच्या चापाने १,००० ग्रॅमचे. नळी उभी धरायची, चापाला वजनाचा आकडा अडकवायचा, ते टेबलावरून हळूच उचलायचे. चाप तुटला की पुन्हा प्रयत्न, तिसऱ्यांदाही तुटला तर पिस्तूल त्या तपासणीत नापास. घरी बरोबर १,००० वर बसवलेला चाप प्रवासानंतर, दुसऱ्या गावच्या हवेत, दुसऱ्याच्या वजनावर तुटू शकतो. स्पर्धेसाठी बालेवाडी किंवा वरळीला निघण्यापूर्वी प्रशिक्षक चाप थोडा वरच ठेवायला लावतात, आणि मुले त्याच चापावर शेवटचे आठवडे सराव करतात.