नोकरीवरून कमी केलंय? सही करण्याआधी हे वाचा

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. चिंचवडच्या आमच्या कार्यालयात आम्ही तिघं बसतो. एक सहकारी पूर्वी कारखान्याच्या एचआरमध्ये होते, दुसऱ्या सहकारी पीएफ आणि ईएसआयसीची (कामगारांच्या सरकारी विम्याची) कामं बघतात, आणि मी बायोडेटा व मुलाखतीची तयारी करून घेतो. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या भागांतून लोक येतात. बरेच जण फार उशिरा येतात, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहोत.

राजीनाम्याचा कागद

हकीकत बहुधा सारखीच असते. दुपारी मीटिंग रूममध्ये बोलावणं येतं. टेबलावर छापील राजीनामा आणि त्यावर पेन ठेवलेलं असतं. "आत्ता सही केलीत तर दोन महिन्यांचा पगार जास्तीचा देऊ, रेकॉर्डही चांगलं राहील." माणूस भांबावलेला असतो. सही करून बाहेर पडतो.

कृपा करून त्या क्षणी सही करू नका. "घरी नेऊन वाचतो, उद्या सांगतो," एवढंच म्हणा. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कंपनीने कमी केलं, तर निदान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात, आणि ही भरपाई मागणं फार अवघड होऊन बसतं. कधी कधी कंपनी देत असलेली रक्कम कायद्यापेक्षा जास्त असते, तेव्हा ती जरूर घ्यावी. पण हिशेब आधी, सही नंतर.

"मी तर एक्झिक्युटिव्ह, मला कामगार कायदा कुठून लागू होणार?" असं पुष्कळ जण विचारतात. नुसत्या हुद्द्याच्या नावावरून ते ठरत नाही. तुम्ही प्रत्यक्षात काय काम करत होता, ते बघितलं जातं.

कोणते पैसे तुमचे आहेत

ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं सेवा केल्याबद्दल नोकरी सुटताना मिळणारी रक्कम) आणि वर सांगितलेली भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिली म्हणून दुसरी बुडत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशेब घरी बसून करता येतो. समजा शेवटचा बेसिक आणि डीए मिळून 26,000 रुपये आणि सेवा 17 वर्षं. 26,000 ला 26 ने भागून 15 ने गुणलं की 15,000 येतात. त्याला 17 ने गुणा, 2,55,000 रुपये होतात. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस भरले असतील, तर ते पूर्ण वर्ष धरतात.

पीएफ काढायची घाई करू नका, हे आमचं कळकळीचं सांगणं आहे. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागू शकतो. पेन्शनचा भाग काढलात तर तेवढी सेवा पुसली जाते, आणि मासिक पेन्शनसाठी तर 10 वर्षं भरावी लागतात. नऊ वर्षं झालेल्या माणसाने फ्रिजच्या हप्त्यासाठी पेन्शनचे पैसे काढलेले पाहिले की जीव तुटतो. जुन्या कंपनीने पीएफच्या पोर्टलवर तुम्ही नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे ना, तेवढं मात्र लगेच तपासा. पीएफ पुढच्या कंपनीच्या खात्यात नेणं त्याच्यावाचून अडतं.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारा. घरात शुगर-बीपीचं माणूस असेल तर हे आधी करा, बायोडेटा नंतर.

बायोडेटा

माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, आणि ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. पुढे एका इमारतीत वॉचमन म्हणून राहिले. नुसत्या आवाजावरून धोटा कुठे अडतोय हे ओळखणारा माणूस. "तुम्हाला आणखी काय येतं?" असं त्यांना कोणी विचारलं नाही, आणि ते सांगण्यासारखं आहे असं त्यांना स्वतःलाही वाटलं नाही. मी हे काम का करतो, त्याचं उत्तर यात आहे.

मध्यंतरी एक गृहस्थ आले. बायोडेटात एकच ओळ: "क्वालिटी इन्स्पेक्टर, 17 वर्षे." दीड तास बोललो. तक्रार आलेला लॉट घेऊन ग्राहकाच्या प्लांटवर तेच जायचे. 8डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि त्यावरचा उपाय सांगणारा) तेच लिहायचे. नवीन पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची पीपीएपी फाइल तेच बनवायचे, आयएटीएफ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) ऑडिटच्या दिवशी ऑडिटरसमोर तेच उभे राहायचे. सही मात्र मॅनेजरची, म्हणून ते काम आपलं नाही अशी त्यांची समजूत. ही कामं आम्ही ओळीने वर घेतली, हुद्दा खाली गेला. ज्या लहान वर्कशॉपना ऑडिटसाठी तयार व्हायचं होतं, त्यांच्याकडून त्यांना बोलावणी आली. आज ते अशा दोन ठिकाणी आठवड्याचे दिवस वाटून काम करतात. पगार पूर्वीपेक्षा थोडा कमी आहे, हेही सांगितलं पाहिजे.

म्हणून येण्याआधी एका वहीत लिहून आणा: मशीन बंद पडलं, माल परत आला, माणूस आला नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत. मुलाखतीत नोकरी का गेली असं विचारलं, तर "आमचा विभाग बंद केला" असं सरळ सांगा. गोष्ट रचू नका. महास्वयम् आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट होते, तीही करून टाका.

आमची फी आणि आमची मर्यादा

पहिली भेट विनामूल्य. पुढच्या कामाचा आकडा आधी कागदावर लिहून देतो. नोकरी लावून देण्याचं वचन आम्ही देत नाही, आणि नोकरीसाठी "डिपॉझिट" मागणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नका. कोर्टकचेरीची वेळ आली तर ते वकिलाचं काम आहे, तसं आम्ही स्पष्ट सांगतो. भरपाईच्या पैशात हॉटेल किंवा दुकान टाकायचा विचार असेल, तर निदान सहा महिने थांबा, असा आमचा आग्रह असतो.

येताना नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन नंबर आणि कंपनीने दिलेला प्रत्येक कागद आणा, सही केलेला असो वा नसो. जमलं तर घरच्या एका माणसाला सोबत आणा. घरी अजून सांगितलं नसेल, तर एकटे या.