मृतांच्या रस्त्यावर मृत नाहीत

मेक्सिको सिटीच्या ईशान्येला साधारण ५० किलोमीटरवर तेओतिवाकान हे ओस पडलेलं शहर आहे. तिथे दोन प्रचंड पिरॅमिड आहेत. त्यांतला सूर्याचा पिरॅमिड ६५ मीटर उंच. आणि या सगळ्यामधून नाकासमोर जाणारा सरळसोट, रुंद रस्ता. फोटोत हमखास दिसतो तो हाच. त्याचं नाव 'मृतांचा रस्ता'.

हे नाव चुकलेलं आहे. ते दिलं आस्तेक, म्हणजे ॲझ्टेक लोकांनी, आणि ते इथे आले तेव्हा शहराची रया जाऊन शेकडो वर्षं उलटली होती. रस्त्याच्या दुतर्फा गवताने झाकलेले मोठमोठे ढिगारे दिसले. त्यांना वाटलं, जुन्या राजांची थडगीच असणार. 'तेओतिवाकान' हे नावही त्यांचंच, अर्थ साधारण 'देव जिथे घडले ती जागा'. पुढे ढिगारे उकरले गेले तेव्हा आतून निघाले ते देवळांचे आणि इमारतींचे चौथरे.

मग या शहरातले मेलेले लोक गेले कुठे? कुठेच नाही, घरातच राहिले. अंगणाखाली, देवघराशेजारी, माणसं जिथे झोपत त्या खोलीच्या जमिनीखाली.

आधी घर कसं होतं ते पाहू. १९६२ साली अमेरिकी पुरातत्त्वज्ञ रेने मिलन यांनी या शहराचा नकाशा करायला घेतला. हवाई छायाचित्रं काढली आणि मग माणसं पायी शेतं तुडवत, खापरं वेचत फिरली. १९७३ साली नकाशा छापून आला. शहर सुमारे २० चौरस किलोमीटरवर पसरलं होतं. भरभराटीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात, तिथे लाखभर माणसं राहत असावीत. आणि त्यांतली बहुतेक झोपड्यांत नव्हे, तर दोन हजारांहून जास्त दगडी-मातीच्या मोठ्या वास्तूंमध्ये राहत होती. इंग्रजी लिखाणात या वास्तूंना 'अपार्टमेंट' म्हणतात. मला विचाराल तर आपला 'वाडा' हा शब्द जास्त चपखल आहे. बाहेरून खिडकी नसलेली उंच भिंत, आत शिरायला एखाददुसरं दार. आत गेलं की चौक, चौकाभोवती खोल्या, मग बोळ, पुन्हा दुसरा चौक. प्रत्येक बिऱ्हाडाचा आपापला चौक, आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा, मध्ये देवाचा ओटा असलेला. बऱ्याच वाड्यांची बाजू ६० मीटरच्या आसपास. एका वाड्यात साठ ते शंभर माणसं. पावसाचं पाणी बाहेर काढायला जमिनीखालून दगडी गटारं.

या घरांच्या जमिनी चुन्याच्या, घोटून गुळगुळीत केलेल्या. चुना जवळपास मिळत नव्हता. तो 'तुला' नावाच्या परिसरातून, साधारण ६० किलोमीटरवरून यायचा, आणि तोही माणसांच्या पाठीवर, कारण ओझी वाहायला बैल नव्हता, घोडा नव्हता, गाडी नव्हती. एवढ्या खटाटोपाने केलेली जमीन लोक झाडूनपुसून लख्ख ठेवत. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने ही पंचाईतच, कारण स्वच्छ घरात पुरावा कमी सापडतो. पण चुना सच्छिद्र असतो. त्यावर सांडलेलं आत मुरतं आणि तिथेच राहतं.

ओस्तोयावाल्को भागातल्या एका वाड्यात मेक्सिकोच्या लिंडा मान्सानिया यांनी याचाच उपयोग करून घेतला. खोलीखोलीतून जमिनीचे नमुने घेतले आणि त्यांचं रसायन तपासलं. फॉस्फेट जास्त असेल तिथे अन्न सांडलं किंवा उष्टं-खरकटं साचलं. चूल पेटायची तिथे राखेमुळे जमीन अल्कधर्मी होते. कार्बोनेट जास्त असेल तिथे चुन्याचं काम चालायचं, आणि ते स्वयंपाकाचंही असू शकतं.

स्वयंपाकात चुना कशाला? तर मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवायला. त्याने दाण्याचं टरफल सुटतं, कॅल्शियम मिळतं, आणि मुख्य म्हणजे मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला घेता येतं. युरोपने मका नेला, पण ही कृती नेली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पुढे पेलाग्रा नावाचा रोग जडला. मेक्सिकोत भिजवलेला मका दगडावर वाटत. खालचा दगड उतरता, वर हातात धरायचा लांबट दगड. आपला पाटा-वरवंटाच म्हणा, फक्त पाट्याला बहुधा तीन पाय.

याच वाड्यात सशांची हाडं भरपूर सापडली आणि एक दगडी ससाही. हाडांतल्या कार्बनवरून दिसलं की शहरातले बरेच ससे मक्यासारखी शेतातली पिकं खात होते. म्हणजे ससे निव्वळ शिकारीचे नव्हते, काही घरी पाळलेले असणार. मोठं पाळीव जनावर नसलेल्या शहरात मटणाची सोय म्हणजे ससा, कुत्रा आणि टर्की. प्यायला पुल्के, घायपाताच्या गोड रसाची आंबवलेली दारू. नीरेची ताडी होते तसंच काहीसं. ती आंबवणाऱ्या जिवाणूंच्या चरबीचे अंश शहरातल्या खापरांत सापडले आणि २०१४ साली तो शोध प्रसिद्ध झाला. दुष्काळी वर्षी मका गेला तरी घायपात टिकतं. त्यामुळे पुल्के ही चैन होती तितकीच पोटाची तजवीजही.

आता जमिनीखाली जाऊ.

मोठ्या माणसाला गुडघे छातीशी घेऊन, मुटकुळं करून, कापडात गुंडाळून खड्ड्यात बसवत. सोबत मडकी, वाडगे, कधी ज्वालामुखीच्या काचेची पाती, अभ्रकाचे तुकडे, क्वचित लालभडक हिंगूळ. खड्डा खोलीच्या जमिनीतच चुना फोडून केलेला, आणि वरून पुन्हा बुजवलेला. तान्ह्या बाळांना बऱ्याचदा मातीच्या परळात ठेवलेलं, तेही अनेकदा चौकातल्या देवाच्या ओट्याजवळ. ज्यांच्याकडे प्रेत घरातून लवकर बाहेर काढण्याची घाई असते, अशा आपल्यासारख्यांना हे विचित्र वाटेल. पण फार लांब जायला नको. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची लहान मुलं घराच्या जमिनीखालीच सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, त्यांच्या आत. दोन्ही समाजांचा एकमेकांशी सुतराम संबंध नव्हता.

तेओतिवाकानच्या दक्षिण कडेला 'त्लाहिंगा ३३' हा क्रमांक दिलेला वाडा आहे. ही साध्या माणसांची वस्ती. भिंती बऱ्याचशा कच्च्या विटांच्या. आधी इथले लोक दगड-शिंपल्यांची कलाकुसर करत, पुढे कुंभार झाले. अमेरिकी जैवमानवशास्त्रज्ञ रिबेका स्टोरी यांनी इथल्या सुमारे २०० माणसांच्या अवशेषांचा अभ्यास केला. मला या शहराविषयी जे काही माहीत आहे, त्यात मनाला सर्वांत जास्त चटका लावणारं हेच.

त्यांत जन्माच्या आगेमागे दगावलेल्या अर्भकांची संख्या मोठी होती. एवढ्या नाजूक हाडांवरून काय कळणार, असं वाटतं. पण पोटातल्या बाळाचे दात बऱ्यापैकी वेळापत्रक पाळून घडतात, उपासमारीनेही फारसे अडत नाहीत. हाडांची लांबी मात्र अडते. दोन्ही ताडून पाहिलं की बाळाची वाढ कधी मंदावली ते दिसतं. इथल्या कित्येक बाळांची वाढ शेवटच्या महिन्यांत मागे पडली होती. म्हणजे आईलाच पुरेसं मिळत नव्हतं, किंवा ती आजारी होती. वाचलेल्या मुलांच्या दातांच्या एनॅमलवर आडव्या खाचा आहेत. आजारपणात किंवा उपासात एनॅमल घडायचं थांबलं आणि नंतर पुन्हा सुरू झालं, त्याची ती नोंद.

घरांच्या आकारावरून विषमता मोजणारे संशोधक तेओतिवाकानला जुन्या जगातलं बरंच समतेचं शहर मानतात, कारण राजवाडा आणि झोपडी अशी दरी तिथे दिसत नाही. नकाशावरून ते खरंही वाटतं. त्लाहिंगातली हाडं पाहिली की मी जरा थबकतो. चौक सारखे असले म्हणून ताटं सारखी असतील असं नाही.

स्टोरी यांचा निष्कर्ष असा की हे शहर स्वतःची संख्या स्वतः भरून काढू शकत नव्हतं. लंडनच्या मृत्यूनोंदी चाळणाऱ्या जॉन ग्रॉन्ट यांना १६६२ साली हेच आढळलं होतं. बाप्तिस्मे कमी, दफनं जास्त, तरी शहर वाढतंच आहे, कारण खेड्यांतून माणसं येत राहतात. लंडनला प्लेग होता, देवी होती. तेओतिवाकानला यांतलं काही नव्हतं, ते युरोपीय जहाजांतून पुढे आलं. दाटी, घाण पाणी आणि अपुरं अन्न एवढंच पुरेसं ठरलं. इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. एखाद्या ठिकाणी बाळांचे सांगाडे पुष्कळ सापडले, तर तिथे बाळं पुष्कळ मेली हे खरं, पण कदाचित पुष्कळ जन्मलीही असतील. नुसत्या सांगाड्यांवरून जन्मदर आणि मृत्युदर वेगळे करणं अवघड. १९९२ साली हा आक्षेप जोरात मांडला गेला आणि हाडांचे अभ्यासक तेव्हापासून जपून बोलतात.

पण बाहेरून माणसं येत होती का, हे दुसऱ्या वाटेने तपासता येतं. पाण्यातल्या ऑक्सिजनचे काही अणू बाकीच्यांपेक्षा किंचित जड असतात. ढग समुद्रावरून आत, उंचावर चढतात तसा या जड ऑक्सिजनचा पाऊस आधी पडून जातो. तेओतिवाकान सव्वादोन हजार मीटरहून उंच. तिथलं पाणी किनाऱ्यापेक्षा हलकं. ते पाणी पिणाऱ्या मुलाच्या दातात तो हलकेपणा कायमचा नोंदला जातो, कारण एनॅमल एकदा घडलं की बदलत नाही. हाड मात्र आयुष्यभर झिजत-भरत राहतं. दात जन्मगावचा, हाड शेवटच्या मुक्कामाचं. दोन्ही जुळले नाहीत, तर माणूस बाहेरून आलेला.

असे बाहेरचे खूप सापडले. शहराच्या पश्चिमेला त्लाइलोत्लाकान नावाच्या वस्तीत वाहाकाचे झापोतेक लोक राहत. वाहाका तिथून शेकडो किलोमीटर दूर. त्यांनी घरं शहराच्या पद्धतीची बांधली, पण मेलेल्यांना आपल्या रीतीने दगडी खोलीत ठेवलं, सोबत आपल्या देवांचे कलश. आणि हे पिढ्यान्‌पिढ्या, शतकानुशतकं. काहींच्या दातांवरून दिसतं की लहानपणीच त्यांचा मुक्काम एकाहून अधिक ठिकाणी झाला होता. शहरात जन्मलेलं मूल काही काळ दुसरीकडे राहून परत आलं, अशातला प्रकार.

नरबळीचं काय, असं विचारणारे वाचक असतातच. तर होय, पिसांच्या सर्पाच्या, म्हणजे तिथल्या तिसऱ्या, लहान पिरॅमिडखाली तिसऱ्या शतकाच्या सुमारास दोनशेच्या आसपास माणसं पुरली गेली. अनेकांचे हात पाठीमागे बांधलेले, काहींच्या गळ्यात माणसाच्या जबड्यांसारख्या शिंपल्यांच्या माळा. वर्तमानपत्रांत तेच झळकतं. त्लाहिंगातल्या बाळांना एवढी जागा कुणी देत नाही.

साधारण ५५० च्या सुमारास मोठ्या रस्त्यालगतची देवळं आणि सत्ताधाऱ्यांच्या इमारती जळल्या. आग बहुतांशी तेवढ्यापुरतीच राहिली. वाड्यांपर्यंत ती क्वचितच पोचली, त्यामुळे जमिनी वाचल्या.

आज तिथे खणणारा माणूस दफन शोधताना आधी जमिनीवर ठिगळ शोधतो. गुळगुळीत चुन्यात एखादा वाटोळा तुकडा रंगाने किंचित वेगळा, कडेने भेगाळलेला. कुणीतरी तेवढीच जमीन फोडली, खाली काही ठेवलं आणि पुन्हा चुना ओढून घोटला. काही वर्षांनी सगळ्या खोलीला नवा थर मिळायचा आणि ठिगळ झाकलं जायचं. मग त्याच जागी पुन्हा चटई पडायची.