तरुण कॅन्सर डॉक्टरांसाठीचं रिसर्च फंडिंग

कॅन्सरचे पेशंटही बघायचे आणि त्याच आजारावर संशोधनही करायचं असं ठरवलेल्या डॉक्टरला करिअरच्या सुरुवातीच्या वर्षांत जी फेलोशिप, ग्रँट किंवा अवॉर्ड मिळतं, त्याबद्दलची ही नोंद. अशा डॉक्टरला क्लिनिशियन-सायंटिस्ट किंवा फिजिशियन-सायंटिस्ट म्हणतात. नावात अवॉर्ड असलं तरी हे शाल-श्रीफळाचं प्रकरण नाही, प्रपोजल लिहावं लागतं, गाइडची आणि डिपार्टमेंटच्या हेडची पत्रं जोडावी लागतात, तज्ज्ञांची कमिटी सगळं चाळून काढते आणि बहुतेकांना नकारच येतो. हा प्रकार सगळ्यात जास्त वाढला तो अमेरिकेत, त्यामुळे आधी तिथलं आणि मग आपल्याकडचं.

पैसा नक्की कशावर जातो

रिसर्च ग्रँट म्हटलं की लोकांना मशीन, केमिकल, उंदीर असलं काहीतरी आठवतं. ते असतंच, पण या प्रकारच्या फंडिंगमध्ये मोठा भाग जातो तो डॉक्टरच्या स्वतःच्या पगारावर, म्हणजे खरं तर त्याच्या वेळेवर. अमेरिकेतलं टीचिंग हॉस्पिटल चालतं पेशंटच्या बिलांवर, कोणी किती काम केलं याचा आरव्हीयू नावाच्या युनिटमध्ये हिशोब ठेवला जातो, आणि एखादी नवी असिस्टंट प्रोफेसर आठवड्यातले तीन-चार दिवस लॅबमध्ये बसणार असेल तर तेवढं उत्पन्न बुडतं आणि ते कोणीतरी भरून द्यावं लागतं. ग्रँट ते भरून देते. याला प्रोटेक्टेड टाइम म्हणतात आणि या सगळ्या योजनांचा जीव तिथे आहे. एनआयएच, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था, तिच्या के सीरिजच्या अवॉर्ड्समध्ये (के०८ लॅबमधल्या कामासाठी, के२३ थेट पेशंटवर आधारित कामासाठी) साधारण ७५ टक्के वेळ रिसर्चला द्यायची अट असते, सर्जन लोकांना ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते कारण हात चालू राहिला नाही तर सर्जन सर्जन राहत नाही.

दुसरी गोष्ट कर्ज. अमेरिकेत मेडिकलचं शिक्षण कर्ज काढूनच होतं, बाहेर पडताना डोक्यावर साधारण दोन लाख डॉलर असणं तिथे कॉमन आहे. मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग, मग ऑन्कोलॉजीचं, म्हणजे कॅन्सरच्या उपचारांचं, पुढचं ट्रेनिंग (त्यालाही फेलोशिपच म्हणतात), असं करत पस्तिशी जवळ येते आणि समोर दोन दारं असतात, प्रायव्हेट प्रॅक्टिसमध्ये गेलं तर कर्ज भराभर फिटतं, रिसर्चमध्ये राहिलं तर पगार कमी आणि तोही पुढच्या ग्रँटच्या भरवशावर. एनआयएचचं पहिलं मोठं स्वतंत्र ग्रँट, ज्याला आर०१ म्हणतात, ते डॉक्टरांना मिळेपर्यंत वय चाळिशीच्या मध्यावर गेलेलं असतं. इतकी वर्षं कळ काढायची तर कोणीतरी टेकू द्यायला हवा ना. म्हणून एनआयएचचा कर्जफेडीचा वेगळा प्रोग्रॅमसुद्धा आहे, त्यात वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत कर्ज सरकार फेडतं, अट एवढीच की रिसर्च चालू ठेवायचा.

हे आलं कुठून

१९६४ साली एनआयएचने एमडी आणि पीएचडी एकत्र करणाऱ्या विद्यार्थ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली, तीन मेडिकल स्कूल होती पहिल्यांदा. त्याच काळात व्हिएतनाम युद्ध चालू होतं आणि डॉक्टरांनाही सैन्यात बोलावलं जायचं, पण एनआयएचमध्ये दोन-तीन वर्षं काम केलं तर ती सरकारी सेवा धरली जायची, त्यामुळे देशातले हुशार तरुण डॉक्टर तिथे अक्षरशः रांग लावून आले. यांना चिडवायला 'यलो बेरे', म्हणजे पिवळ्या टोपीवाले भित्रे, म्हणायचे. त्यातल्या हॅरोल्ड व्हार्मस आणि मायकेल बिशप या दोघांना पुढे १९८९ चं नोबेल मिळालं, तेही कॅन्सरच्या जीन्सवरच्या कामासाठी. म्हणजे युद्ध टाळायला आलेल्या पोरांनी कॅन्सर बायोलॉजी पुढे नेली, कोणी ठरवून अशी योजना आखली असती तर जमली नसती.

सक्तीची भरती संपली आणि ती रांगही संपली. १९७९ मध्ये जेम्स वाइनगार्डन यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेख लिहून सांगितलं की पेशंट बघणारा संशोधक ही नामशेष होत चाललेली जमात आहे. पुढे १९८२ मध्ये तेच एनआयएचचे डायरेक्टर झाले. तेव्हापासून आजपर्यंत दर काही वर्षांनी कोणीतरी हीच तक्रार नव्याने करतं आणि मग एखादी नवीन योजना येते. आज ज्या योजना दिसतात त्यातल्या बऱ्याच या भीतीतून आल्यात असं म्हणायला हरकत नाही.

डेमन रनयन अवॉर्ड

खासगी संस्थांमधलं सगळ्यात ठळक उदाहरण हे. डेमन रनयन हा न्यूयॉर्कचा पत्रकार आणि कथालेखक, ब्रॉडवेवरचे जुगारी, गुंड, नाचणाऱ्या मुली यांच्यावर लिहायचा, डिसेंबर १९४६ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेला. त्याचा दोस्त वॉल्टर विंचेल रेडिओवरचा त्या काळचा फार मोठा माणूस. त्याने कार्यक्रमातच लोकांना सांगितलं की कॅन्सरशी लढायला जमतील तेवढे पैसे पाठवा, आणि लोकांनी नाणी, नोटा, चेक असं काय काय पाठवलं. त्यातून फाउंडेशन उभं राहिलं. १९४९ मध्ये मिल्टन बर्ल या विनोदी नटाने त्यासाठी टीव्हीवर तासन्‌तास चालणारा कार्यक्रम केला, टेलिथॉन हा प्रकार तिथूनच सुरू झाला असं मानतात. ब्रॉडवेच्या नाटकांची चांगली तिकिटं जास्त किमतीला विकून पैसे उभे करायची त्यांची पद्धत तर खास न्यूयॉर्कची.

आधी हे फाउंडेशन मुख्यतः पीएचडीनंतरच्या लॅब सायंटिस्टना पैसे द्यायचं. २००० साली त्यांनी डॉक्टरांसाठी वेगळं क्लिनिकल इन्व्हेस्टिगेटर अवॉर्ड काढलं. नुकतंच असिस्टंट प्रोफेसर झालेल्या डॉक्टरला तीन वर्षांत मिळून ६,००,००० डॉलर, आणि वर मेडिकल स्कूलचं कर्ज शिल्लक असेल तर १,००,००० डॉलरपर्यंत तेही फेडणार. हे कर्जाचं कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. नुसता रिसर्चचा खर्च दिला तर तो लॅबला मिळतो, कर्ज फेडलं तर ते घरी पोचतं, आणि माणूस रिसर्च सोडतो ते बहुतेक वेळा घरच्या हिशोबामुळेच. सोबत मेंटर, म्हणजे जाणता मोठा संशोधक, लागतोच, एकट्याच्या नावावर अर्ज चालत नाही.

ऑन्कोलॉजिस्ट लोकांची संघटना असलेल्या ॲस्कोचं फाउंडेशन याच्या एक पायरी खाली काम करतं. त्यांचं यंग इन्व्हेस्टिगेटर अवॉर्ड १९८४ पासून चालू आहे, वर्षभरासाठी ५०,००० डॉलर, म्हणजे फेलोशिप संपून नोकरी लागायच्या मधल्या काळातला आधार. रक्कम छोटी पण हे मिळालं की पुढच्या अर्जात वजन येतं. त्याच्या वर तीन वर्षांचं, २,००,००० डॉलरचं करिअर डेव्हलपमेंट अवॉर्ड.

व्हिसाची भानगड

आपल्याकडून एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीला गेलेल्या मराठी मुलामुलींनी हे नीट समजून घ्यायला हवं. के०८ आणि के२३ साठी अमेरिकेचं नागरिकत्व नाहीतर ग्रीन कार्ड लागतं. एच-वन (नोकरीचा) किंवा जे-वन (ट्रेनिंगचा) व्हिसावर असाल तर अर्जच करता येत नाही, डोकं कितीही चालत असलं तरी. के९९ नावाच्या अवॉर्डला ही अट नाही, पण ते मिळवणं सोपं नाही. जे-वन वाल्यांना तर ट्रेनिंग संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत जायचं किंवा डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करून सूट मिळवायची असा नियम आहे, आणि अशा भागातल्या हॉस्पिटलमध्ये बहुतेक ठिकाणी लॅब वगैरे काही नसतं. मग ज्या वर्षांत रिसर्चचा पाया घालायचा तीच वर्षं निघून जातात. ॲस्कोच्या यंग इन्व्हेस्टिगेटरला मात्र कुठल्याही देशातून अर्ज करता येतो, आणि आयडिया नावाचं त्यांचं एक अवॉर्ड तर भारतासारख्या देशांतल्या तरुण ऑन्कोलॉजिस्टसाठीच आहे, त्यात वार्षिक अधिवेशनाला नेतात आणि मेंटरशी गाठ घालून देतात.

डॉक्टरच्या वेळेच्या प्रश्नावर ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. तिथे २००५ च्या वॉलपोर्ट रिपोर्टनंतर रिसर्चचा वेळ ट्रेनिंगच्या पोस्टमध्येच घातला गेला, ॲकॅडेमिक क्लिनिकल फेलोला २५ टक्के, क्लिनिकल लेक्चररला ५० टक्के. वेळेसाठी दर वर्षी हात पसरावे लागत नाहीत.

भारतात

आपल्याकडे प्रोजेक्टला पैसे मिळतात, डॉक्टरच्या वेळेला मिळत नाहीत, असं थोडक्यात चित्र आहे. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद), डीबीटी (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग) यांच्या ग्रँट असतात, एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची स्टुडंटशिप १९७९ पासून आहे, एमडी-एमएसच्या थिसिसला मदत आहे. तरुण डॉक्टरचा पगार आणि संशोधनखर्च दोन्ही उचलणारी मोठी योजना म्हणजे इंडिया अलायन्सची, डीबीटी आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये मिळून सुरू केलेली, तिच्यात डॉक्टर आणि पब्लिक हेल्थवाल्यांसाठी वेगळा गट आहे. ती सगळ्या आजारांसाठी आहे, कॅन्सरपुरती नाही.

सरकारी मेडिकल कॉलेजातल्या लेक्चररचं बघा. ओपीडी, वॉर्ड राउंड, इमर्जन्सी, यूजीचे लेक्चर, पीजींचे थिसिस, इन्स्पेक्शन आलं की त्याची धावपळ. त्यात ग्रँट मिळालीच तर खरेदी सरकारच्या जेम पोर्टलवरून, तीन कोटेशन, स्टोअरची सही, अकाउंट्सची सही. मार्च संपला की पैसे कशावर गेले याचं यूटिलायझेशन सर्टिफिकेट, जीएफआर १२-ए नावाचा फॉर्म, तो गेला नाही तर पुढचा हप्ता अडकतो, हप्ता अडकला की प्रोजेक्टवर घेतलेल्या जेआरएफचा, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोचा, पगार अडकतो आणि ती पोरगी दुसरी नोकरी धरते. हे सगळं डॉक्टरनेच निस्तरायचं. आणि कधी एखादी दुपार रिकामी ठेवलीच तर 'आज तुझा रिसर्च डे ना, मग फ्रीच आहेस, जरा ओपीडी बघ' हे ठरलेलं वाक्य. प्रमोशनला पेपर लागतात म्हणून पेपर होतात, पण पेपर होणं आणि संशोधन होणं यात फरक आहे हे आतल्या सगळ्यांना माहीत असतं.

याला मोठा अपवाद मुंबईचं टाटा मेमोरियल. १९४१ ला परळमध्ये सुरू झालं, १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे. इथल्या डॉक्टरांना कायम नोकरी, पगार सरकारी, आणि ट्रायलसाठी, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून बघण्यासाठी, संस्थेचा स्वतःचा फंड, त्यामुळे वैयक्तिक अवॉर्ड नसतानाही इथून जगाने दखल घेतलेलं काम निघालं. अनिल डिक्रूझ यांच्या टीमची तोंडाच्या कॅन्सरवरची ट्रायल घ्या. गाल, जीभ यांचा कॅन्सर लवकर सापडला आणि मानेत गाठ लागत नसली, तर मानेतल्या लिम्फ नोड, म्हणजे लसीका ग्रंथी, त्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या की पुढे तिथे कॅन्सर आला तर काढायच्या हा सर्जन लोकांचा जुना वाद. ट्रायलमध्ये लगेच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. २०१५ मध्ये ॲस्कोच्या मुख्य सत्रात हे मांडलं गेलं. खर्च टाटा मेमोरियलच्याच फंडातला. पेशंट घेणं सुरू झालं होतं २००४ मध्ये. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळाचं काम, यातून कुठल्याही औषध कंपनीला एक रुपया सुटणार नव्हता, आणि तीन वर्षांचं कुठलंही अवॉर्ड याला पुरलं नसतं. अमेरिकन अवॉर्ड्सची ही मर्यादा आहे असं माझं मत, तीन वर्षांत दाखवण्यासारखं काहीतरी हवं म्हणून तरुण डॉक्टर लवकर उत्तर देणारे प्रश्न निवडतात.

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती भूल द्यायचं साधं लिडोकेन इंजेक्शन देण्याची राजेंद्र बडवे यांची ट्रायलही याच जातीची, १६०० बायका, पैसा अणुऊर्जा विभागाचा, २०२३ मध्ये छापून आली, पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर.

तरुणांना तयार करण्यासाठी टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलचं जाळं) २०१५ पासून क्रेडो नावाची वर्कशॉप घेतात. ट्रायलची नुसती कल्पना घेऊन यायचं आणि काही दिवसांत प्राध्यापक, स्टॅटिस्टिक्सवाले यांच्यासोबत बसून पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा आराखडा, लिहून बाहेर पडायचं. पैशापेक्षा इथे शिकवणं आहे.

लॅब आणि वॉर्ड एकत्र आल्याचं अलीकडचं उदाहरण कार-टी सेलचं, म्हणजे पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी लॅबमध्ये बदलून कॅन्सरवर सोडायच्या त्या उपचाराचं. आयआयटी बॉम्बेचे संशोधक राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर गौरव नरुला, हसमुख जैन यांचं हे काम, टाटा मेमोरियलच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात २०२१ ला पहिल्या पेशंटला दिलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावाने त्याला परवानगी मिळाली. पहिल्या टप्प्यांच्या ट्रायलसाठी डीबीटी आणि तिच्याच बायरॅक या संस्थेकडून १९.१५ कोटी मंजूर झाले होते. पैसा पुन्हा प्रोजेक्टला, आणि त्या काळात या डॉक्टरांच्या ओपीडी कमी झाल्या असतील असं वाटत नाही. टाटाच्या बाहेर, नागपूर-औरंगाबादच्या कॅन्सर वॉर्डात काम करणाऱ्या एखाद्या नव्या डीएमला, म्हणजे एमडीच्या पुढचं स्पेशलायझेशन केलेल्या डॉक्टरला, आठवड्याचे दोन दिवस विकत घेऊन देईल, आणि त्या दोन दिवसांसाठी कॉलेजला बदली डॉक्टर देईल, अशी फक्त कॅन्सरसाठीची राज्य सरकारची योजना असायला हवी, कारण तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट तिथेच येतात.