घाम गाळला म्हणून चरबी जात नाही

फोंडा असो की म्हापसा, झुंबाच्या तासाला पोटाला रबरी पट्टा आवळून, वर प्लास्टिकचं जॅकेट चढवून आलेली कॉलेजची मुलं दिसतातच. समजूत जुनीच: जितका घाम, तितकी चरबी वितळली. कुणी पंखा लावला की ओरड!

घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि थोडं मीठ. अंगावरून सुकताना तो उष्णता घेऊन जातो, त्याचं काम एवढंच. गोव्यातली पावसाळी हवा इतकी दमट की तो धड सुकत नाही, नुसता निथळतो. म्हणून त्याच नाचानंतर जुलैत टी-शर्ट पिळावा लागतो, जानेवारीत जेमतेम ओला होतो. मेहनत तीच. पट्टा-जॅकेटने तर सुकायची वाटच बंद. अंग तापतं, चक्कर येते. काट्यावर कमी दिसलेलं अर्धा किलो बाटलीभर पाण्याने परत येतं.

मग चरबी जाते कुठे? बहुतेक श्वासातून. 10 किलो चरबी पूर्ण वापरली गेली, तर सुमारे 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते, बाकीचं पाणी होतं. (नुसतं बसून जोरजोरात श्वास घेतल्याने मात्र काही होत नाही, हेही सांगून ठेवतो.)

मेहनत जोखायचीच तर बोलून बघा. बोलता येतं पण गाता येत नाही, तो व्यायाम मध्यम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना असा आठवड्याला 150 ते 300 मिनिटं करायला सांगते, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. तासानंतर पाणी प्या. फारच घामाघूम झालात तर मीठ घातलेलं कोकमाचं सरबत उत्तम.